मिठाच्या वाटेनं समुद्राकडे

हॅनोव्हरहून उत्तरेला जाताना साधी गाडी ल्यूनेबर्गला थांबते, तेव्हा डब्यातल्या विद्यार्थ्यांपैकी फारसं कुणी मोबाइलमधून मान वर काढत नाही. सगळ्यांना हॅम्बर्ग गाठायचं असतं. मला मात्र हे स्टेशन फार महत्त्वाचं वाटतं. उत्तर जर्मनीतली बंदरं, तिथली उंच चर्चं, व्यापाऱ्यांची मजल्यांवर मजले चढवलेली घरं, या सगळ्याची सुरुवात समुद्रावर झालेली नाही. ती इथे, समुद्रापासून बरंच आत असलेल्या या गावात झाली. गावाखाली मिठाचा प्रचंड साठा आहे. जमिनीतलं पाणी त्या मिठाला भिडून इतकं खारट होतं की समुद्राचं पाणी त्याच्यापुढे अळणी वाटावं. हे पाणी विहिरीतून उपसायचं, शिशाच्या उथळ कढयांमध्ये लाकडाच्या जाळावर आटवायचं आणि तळाशी राहिलेलं पांढरंशुभ्र मीठ विकायचं, हा उद्योग ल्यूनेबर्गनं हजार वर्षांहून जास्त काळ केला. त्याचा पहिला लेखी उल्लेख ९५६ सालचा आहे. कारखाना बंद पडला तो १९८० साली. पोटातलं मीठ काढून काढून जमीन खचली, आणि जुन्या वस्तीच्या एका भागात भिंतींना गेलेले तडे आणि कललेले दरवाजे आजही दिसतात.

मी हर्णैची. दापोली तालुक्यातलं हे बंदर किनाऱ्यावरच्या मासळीच्या लिलावासाठी आणि समोरच्या सुवर्णदुर्गासाठी लोकांना माहीत असतं. आमच्या घरात आत्या सुक्या मासळीचा धंदा करते. बांगडे खारवायचे, सुकट वाळवायची, सोडे करायचे आणि पाऊस लागायच्या आत माल बाजारात पोचवायचा, हे तिचं वर्षाचं चक्र. शाळेच्या सुट्टीत मीही तिच्या हाताखाली मीठ चोळलेलं आहे. त्यामुळे समुद्रकाठचं कुठलंही गाव बघताना माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की इथला मासा कुठला आणि त्याला लागणारं मीठ कुणाचं? हॅनोव्हरला किनारा अभियांत्रिकी शिकायला आल्यावर याच प्रश्नाच्या मागे लागून मी एका शनिवार-रविवारी ल्युबेक, ट्राव्हेम्युंडे आणि विस्मार ही तीन ठिकाणं पाहिली. बरोबर वर्ध्याची मैत्रीण होती. तिनं समुद्र फार पाहिलेला नाही, म्हणून तिचे प्रश्न माझ्यापेक्षा सरळ असतात, आणि ते मला आवडतात.

आधी तिकिटाचं सांगते, कारण गावाकडे लोक आईला विचारतात की पोरगी शिकायला गेलीय की फिरायला. जर्मनीत मे २०२३ पासून महिन्याचं एकच तिकीट काढून देशभरातल्या लोकल आणि पॅसेंजर गाड्या, ट्राम, बस वापरता येतात. सुरुवातीला त्याची किंमत ४९ युरो होती, पुढे ती वाढत गेली. बऱ्याच विद्यापीठांत याच तिकिटाचा स्वस्त विद्यार्थी-पास सहामाही फीमध्येच धरलेला असतो. अट एवढीच, की लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत तो चालत नाही. म्हणजे हॅनोव्हर ते ल्युबेक जो प्रवास वेगवान गाडीनं सव्वादोन तासांचा, तो आम्ही उल्झन आणि हॅम्बर्ग इथे गाड्या बदलत साडेतीन तासांत करतो. पैसे शून्य. विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो आधीच बँकेत अडकवून ठेवावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२ युरो हाती येतात. भाडं, विमा, किराणा यात ते कसे जातात हे बाहेर राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. अशा हिशोबात ज्या मुलाला देश पाहायचा असतो, तो मंद गाडीनंच पाहतो. आणि मंद गाडी ल्यूनेबर्गला थांबते.

राहायला युथ हॉस्टेल, एका खोलीत सहाजणी, सकाळची न्याहारी धरून. ही युथ हॉस्टेलची पद्धतही जर्मनीनंच जगाला दिली. रिशार्ड शिरमान नावाच्या शाळामास्तरांनी १९१२ साली आल्टेना गावच्या किल्ल्यात मुलांसाठी पहिलं कायमचं वसतिगृह उघडलं. सहलीला निघालेल्या पोरांना रात्री पाठ टेकायला स्वस्त जागा हवी, एवढाच त्यांचा विचार होता. आमच्यासारख्यांना तो अजून पुरतोय.

ल्युबेकला शनिवारी सकाळी स्टेशनातून बाहेर पडून चालत गेलं की समोर दोन जाड बुरुजांची होल्स्टन वेस येते. १४६४ ते १४७८ या काळात बांधलेली ही वेस जुन्या ५० मार्कांच्या नोटेवर छापलेली होती. खालची जमीन दलदलीची असल्यानं बुरुज खचलेत आणि कललेत. सगळे पर्यटक तिथेच फोटो काढतात. आम्हीही काढला, पण माझं लक्ष डावी-उजवीकडे लागलेलं होतं, कारण मला वेशीच्या शेजारी, ट्रावे नदीच्या काठाला लागून उभी असलेली मिठाची कोठारं बघायची होती. लाल विटांच्या सहा इमारती, पायऱ्यापायऱ्यांच्या उंच दर्शनी भिंती, नदीकडे उघडणारे दरवाजे. १५७९ ते १७४५ या काळात एकेक करून बांधल्या गेल्या. १९२२च्या ‘नोस्फेरातू’ या मूक भयपटात याच इमारतींनी रक्तपिपासू उमरावाच्या घराचं काम केलं आहे, हे मैत्रिणीनंच मला सांगितलं. मला त्या भिंतींना हात लावावासा वाटला आणि मी लावला. खालच्या विटा कोरलेल्या, भुरभुरीत झालेल्या. मिठाच्या कोठीच्या भिंती कशा होतात ते मी लहानपणापासून बघत आलेय, ओळखायला वेळ लागला नाही.

हे मीठ ल्यूनेबर्गहून यायचं. आधी बैलगाड्या-घोडागाड्यांनी, शंभरेक किलोमीटरच्या खडबडीत रस्त्यानं. मग ल्युबेकच्या व्यापाऱ्यांनी कालवा खणायला घेतला आणि १३९८ साली तो पुरा झाला. श्टेकनित्स कालवा म्हणतात त्याला. एका नदीच्या खोऱ्यातून चढून, मधला उंचवटा ओलांडून, दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात उतरणारा हा युरोपातल्या अगदी पहिल्या कालव्यांपैकी एक. वाटेत दरवाज्यांमागे पाणी साठवायचं, ते सोडलं की त्या लोंढ्याबरोबर सपाट बुडाच्या होड्या पुढच्या टप्प्यापर्यंत ढकलल्या जायच्या, मग पुन्हा थांबून पाणी साठायची वाट. काठावरून माणसं दोरानं होड्या ओढायची. शंभरेक किलोमीटरला कितीतरी आठवडे लागत. तरीही हा मार्ग शतकानुशतकं चालला. १९०० साली त्याची जागा एल्बे-ल्युबेक कालव्यानं घेतली. अभियांत्रिकीच्या वर्गात आम्ही अशा दरवाज्यांची, म्हणजे जलपाशांची, गणितं सोडवतो तेव्हा मला ते दोर ओढणारे लोक दिसतात.

एवढी यातायात कशासाठी, हे मैत्रिणीनं नदीकाठी बसल्यावर विचारलं. “समोर समुद्र असताना मीठ जमिनीतून कशाला आणायचं?” तिचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर मला दुपारी प्रत्यक्ष पाण्यात हात घालून द्यायचं होतं. पण आधी मासा.

हा मासा म्हणजे हेरिंग. आपली तारली त्याच कुळातली. हेरिंग चरबीदार, मऊ, आणि थव्यानं येणारा. मध्ययुगात दर वर्षी पावसाळा सरत असताना, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास, डेन्मार्क आणि आजच्या स्वीडनमधल्या चिंचोळ्या समुद्रात तो अंडी घालायला यायचा. स्कानर आणि फाल्स्टरबो या टोकाच्या गावांत तेव्हा मोठी जत्राच भरायची. तिकडे मासा अमाप आणि इकडे गिऱ्हाईक अमाप, कारण ख्रिस्ती धर्मात शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांस वर्ज्य, पण मासा चालायचा. अडचण एकच. हेरिंगमधली चरबी हवा लागली की खवट होते. नॉर्वेतला कॉड मासा चरबीचा नसल्यानं थंड वाऱ्यावर लाकडासारखा वाळतो. हेरिंगला ते जमत नाही. बाल्टिककाठच्या ओलसर हवेत तर नाहीच.

मग त्यांनी काय केलं, ते मला आत्यासाठी नीट समजून घ्यायचं होतं. आत्या बांगड्याचं पोट चिरते, कल्ले आणि आतडी काढते, खडेमीठ आत-बाहेर चोळते, पिंपात थरावर थर लावते, सुटलेलं पाणी काढून टाकते आणि मग उन्हात पसरते. हेरिंगचं पहिलं अर्धं काम असंच. कल्ल्यापाशी सुरी घालून कल्ले आणि आतड्याचा भाग एका झटक्यात काढायचा, पण स्वादुपिंड आत राहू द्यायचं. त्यातला पाचकरस मिठाबरोबर मुरताना मासा मऊ आणि चविष्ट करतो. मग लाकडी पिंपात थर, मीठ, थर, मीठ. साधारण चार-पाच पिंपं माशाला एक पिंप मीठ. फरक पुढे आहे. आपण सुटलेलं पाणी टाकून देतो, ते मात्र मासा त्याच खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि पिंप घट्ट बंद करतात. हवाच लागू द्यायची नाही. असं पिंप महिनोन्‌महिने टिकतं, नदीतून-रस्त्यातून कुठंही नेता येतं. आपल्याकडे ऊन जे काम करतं ते तिकडे बंद पिंपानं केलं.

आता ल्युबेकचं बळ कशात होतं ते उघड होतं. मासा डेन्मार्कच्या पाण्यात, मीठ ल्यूनेबर्गच्या जमिनीत, आणि मधली जागा ल्युबेकच्या ताब्यात. मिठाशिवाय मासा दोन दिवसांत मातीमोल. ११४३ साली वसलेलं आणि ११५९ साली हेन्री द लायन या सरदारानं नव्यानं उभं केलेलं हे गाव १२२६ साली कुठल्याही सरदाराच्या हाताखाली नसलेलं, थेट सम्राटाचं शहर झालं आणि पुढे हान्झा संघाचं प्रमुख. हान्झा म्हणजे व्यापारी शहरांची एकजूट. राजा नाही, कायमची फौज नाही, फक्त वेळोवेळी भरणारी सभा आणि लंडन, ब्रूज, बर्गन, नोव्हगोरोद इथल्या वखारी. तरी १३७० साली या शहरांनी डेन्मार्कच्या राजाला नमवलं आणि श्ट्राल्झुंडच्या तहात हेरिंगच्या किनाऱ्यावरचे किल्ले पंधरा वर्षांसाठी आपल्याकडे घेतले. एका माशाच्या जत्रेवरचा ताबा तहात लिहून घेतलेला! शेवटची सभा १६६९ साली भरली. संघ संपला, पण ल्युबेकच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर आजही हान्झाचं अक्षर पहिलं येतं आणि शहराचं नंतर.

हा पैसा दिसतो तो सेंट मेरी चर्चमध्ये. व्यापाऱ्यांनी बिशपच्या चर्चपेक्षा मोठं चर्च हट्टानं बांधलं. इथे सपाट मैदानात बांधायला दगड नाही, चिकणमाती आहे, म्हणून सगळं विटांचं. आपल्या कोकणात जसा जांभा, तशी इथे वीट. आतली कमान जमिनीपासून साडेअडतीस मीटर उंच आहे आणि विटांच्या कमानींमध्ये जगात तिच्याहून उंच कमान नाही. बाल्टिककाठची कितीतरी चर्चं याच्या नमुन्यावर उभी राहिली. १७०५ साली विशीतला संगीतकार बाख इथल्या बुक्स्टेहूड या ऑर्गनवादकाला ऐकायला आर्नश्टाटहून चारशे किलोमीटर चालत आला होता. चार आठवड्यांची रजा घेऊन आला आणि चारेक महिने राहिला. शिकायला म्हणून घर सोडलेल्या माणसाचं मन मला त्यात दिसतं.

दक्षिणेकडच्या मनोऱ्याखाली जाऊन उभं राहिलं की बोलणं थांबतं. मार्च १९४२च्या शेवटी, ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या आदल्या रात्री ब्रिटिश विमानांनी ल्युबेकवर बॉम्ब टाकले. चर्चला आग लागली आणि मनोऱ्यातल्या घंटा खाली कोसळल्या. त्या तशाच तिथे ठेवल्या आहेत. फरशीत रुतलेला ओतीव धातू, एक मोठा तुकडा अर्धा वितळून पसरलेला, दुसऱ्याची कड उभी फाटलेली. चर्च पुन्हा बांधलं, घंटा हलवल्या नाहीत. जर्मनीत कुठंही इतिहास दाखवायची ही पद्धत मला फार आदराची वाटते. मोडलेलं लपवत नाहीत.

बाकी ल्युबेक भराभर पाहिलं. थॉमस मान, विली ब्रांट, ग्युंटर ग्रास असे तीन नोबेल मानकरी या गावाशी जोडलेले. बदामाचं मार्झिपान प्रसिद्ध, एक तुकडा दोघींत खाल्ला. मोठ्या घरांच्या पोटातून मागच्या चाळींकडे जाणाऱ्या बोळकांड्या मात्र बघाव्यात. वाकून आत शिरलं की मागे एकेका खोलीची घरं, दारात फुलझाडं. मजूर, हमाल, विधवा बायका इथे राहायच्या. मिठाची पिंपं ज्यांनी पाठीवर वाहिली ते लोक इथे झोपायचे, पुढच्या उंच घरांत नाही.

दुपारी ट्राव्हेम्युंडे. ल्युबेकपासून वीस-पंचवीस मिनिटांची गाडी, आणि शेवटचं स्टेशन अक्षरशः वाळूपाशी. इथे ट्रावे नदी बाल्टिकला मिळते. १५३९ सालचा विटांचा दीपस्तंभ, पैलतीरावर १९११ साली बांधलेलं ‘पासाट’ हे चार डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, फिनलंड-स्वीडनकडे निघालेल्या सातमजली फेरी बोटी. किनाऱ्यावर वेताच्या छपराच्या खुर्च्यांच्या रांगा, वाऱ्यापासून आडोसा म्हणून. रोस्टॉकच्या बार्टेलमान नावाच्या टोपल्या विणणाऱ्यानं १८८२ साली संधिवात झालेल्या एका बाईसाठी अशी पहिली खुर्ची बनवली, आणि आज या किनाऱ्यावर ती नसेल अशी जागा नाही.

“हा समुद्र इतका गप्प का?” मैत्रिणीनं विचारलं. तिचं निरीक्षण बरोबर. इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाही, फरक दहा-वीस सेंटिमीटरचा. हर्णैला ओहोटीला होड्या वाळूवर कलतात आणि भरतीला त्याच तरंगू लागतात. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं. बाल्टिक हा जवळपास बंदिस्त समुद्र आहे. डेन्मार्कच्या चिंचोळ्या फटींतून अटलांटिकची भरती आत शिरायच्या आधीच विरून जाते. म्हणून इथले धक्के पाण्याच्या अगदी बरोबरीला बांधलेले, घरंही काठाला टेकलेली. पण गप्प म्हणजे निरुपद्रवी नव्हे. वारा बराच काळ एका बाजूनं वाहिला की पाणी दुसऱ्या काठाला साचतं, आणि वाऱ्यानं दिशा बदलली की परत उसळतं. नोव्हेंबर १८७२मध्ये या किनाऱ्यावर पाणी नेहमीपेक्षा तीन मीटरहून वर चढलं होतं. ऑक्टोबर २०२३च्या वादळानंही मोठं नुकसान केलं. घरांच्या भिंतींवर त्या जुन्या पुराच्या खुणा रेघ ओढून, साल लिहून ठेवलेल्या आहेत. आमच्या अभ्यासात या खुणा म्हणजे आकडेवारी. वादळाची उंची किती धरायची ते त्यांच्यावरून ठरतं.

मग मी ओंजळीत पाणी घेतलं आणि मैत्रिणीला चाखायला लावलं. तिला ते खारट लागलं. मला लागलं नाही. अरबी समुद्राच्या एका लिटर पाण्यात ३५-३६ ग्रॅम मीठ असतं, ल्युबेकच्या उपसागरात साधारण १० ते १५ ग्रॅम, आणि पूर्वेला फिनलंडकडे जावं तसं ते आणखी कमी होत जातं. इतक्या नद्या या समुद्रात येऊन पडतात, थंडीमुळे बाष्पीभवन कमी, आणि बाहेरचं खारं पाणी येणार त्या अरुंद फटींतून. सकाळच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. या पाण्याचं मिठागर होत नाही. पाण्यात मीठ थोडं आणि आटवायला ऊन नाही. ज्या समुद्रात हेरिंग होता त्याच समुद्रात त्याला टिकवणारं मीठ नव्हतं, म्हणून ल्यूनेबर्गच्या विहिरी, तो कालवा आणि ती सहा कोठारं. पुढे फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं, आपल्या मिठागरांसारखंच उन्हात पिकवलेलं मीठ जहाजांतून येऊ लागलं. ते स्वस्त होतं, पण करडं आणि कमी प्रतीचं.

रविवारी सकाळी विस्मारला निघालो. ल्युबेक सोडलं की काही मिनिटांत गाडी जुनी सरहद्द ओलांडते. १९४५ नंतर पूर्व आणि पश्चिम जर्मनी वेगळे झाले, तेव्हा ल्युबेक हे सरहद्दीला चिकटलेलं पश्चिमेकडचं एकमेव मोठं शहर होतं. ट्राव्हेम्युंडेच्या पलीकडच्या प्रिवाल किनाऱ्यावर तर वाळूतच कुंपण होतं. आता गाडीतून त्या सरहद्दीवर शेतं आणि पवनचक्क्या दिसतात. बाड क्लाइनेनला गाडी बदलली आणि विस्मारला उतरलो.

विस्मार लहान आणि शांत. मधला चौक शंभर मीटर बाय शंभर मीटरचा, त्यात डच पद्धतीचं घुमटीवजा पाण्याचं कारंजं, १६०२ सालचं, ज्यातून गावाला पिण्याचं पाणी मिळायचं. तीस वर्षांच्या युद्धानंतर १६४८ साली हे गाव स्वीडनकडे गेलं. १८०३ साली स्वीडननं ते शंभर वर्षांसाठी गहाण टाकलं आणि १९०३ साली सोडवून घ्यायचा हक्क सोडून दिला. इथल्या सेंट मेरी चर्चचा फक्त मनोरा उभा आहे. बॉम्बनं मोडलेला भाग १९६० साली पूर्व जर्मनीच्या सरकारनं सुरुंग लावून पाडला. जिथे चर्च होतं तिथे आता खांबांच्या बुंध्यांचा आराखडा विटांनी दाखवलाय, त्यातून मुलं सायकली चालवतात. २००२ पासून विस्मार आणि श्ट्राल्झुंड मिळून युनेस्कोच्या यादीत आहेत, ल्युबेक १९८७पासून.

मला पोचायचं होतं जुन्या धक्क्यावर. तिथे मासेमारीच्या बोटी काठाला बांधलेल्या असतात आणि त्यांच्यावरूनच पाव-मासा विकला जातो. कडक पाव मधून कापायचा, त्यात व्हिनेगरमध्ये मुरवलेला हेरिंगचा तुकडा, कच्च्या कांद्याच्या चकत्या, काकडीचं लोणचं. पहिला घास घेतला आणि मला वाटलं, यात फक्त कोकमाचं आगळ कमी आहे. मैत्रीण शाकाहारी, तिनं बटाट्याचं सॅलड घेतलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत बसली.

विकणारी बाई पन्नाशीची, हातात रबरी मोजे, कमरेला प्लास्टिकचा एप्रन. मी म्हटलं, माझी आत्या पण मासे खारवते, भारतात. तिनं मोजे काढले आणि बोलायला लागली. हा हेरिंग कुठला, विचारलं. नॉर्वेकडचा, म्हणाली. इथला नाही. इथला पकडायलाच देत नाहीत.

हे मी पुढे वाचून घेतलं. पश्चिम बाल्टिकमधला हेरिंग इतका घटला की युरोपीय संघानं २०२२ पासून त्याची खास मासेमारी बंद केली. बारा मीटरपेक्षा लहान, उभी जाळी लावणाऱ्या किनाऱ्यावरच्या होड्यांना तेवढी सूट ठेवली. अतिमासेमारी हे एक कारण आहेच. दुसरं पाणी तापण्याचं. हा हेरिंग वसंतात रुगन बेटाजवळच्या ग्राइफ्सवाल्ड खाडीत अंडी घालतो. हिवाळे उबदार झाल्यामुळे अंडी लवकर उबतात, पिल्लं लवकर बाहेर येतात, आणि त्यांना खायला लागणारे सूक्ष्म जीव तोवर पाण्यात आलेलेच नसतात. पिल्लं उपाशी मरतात. रोस्टॉकची थ्युनेन संस्था १९९०च्या दशकापासून दर वसंतात आठवड्याआठवड्याला या पिल्लांची मोजणी करते, म्हणून हे कारण नेमकं कळलं. ज्या माशावर सहा मिठाची कोठारं, साडेअडतीस मीटरची कमान आणि राजाशी केलेला तह उभा राहिला, तो मासा विस्मारच्या धक्क्यावर आता बाहेरून येतो.

हे ऐकून मी सुन्न झाले, कारण हे मला घरचं वाटलं. आमच्याकडे पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि ती बंदी लोक बऱ्यापैकी पाळतात, कारण त्या दिवसांत मासा अंडी घालतो हे कोळ्याला सांगावं लागत नाही. प्रश्न बाकीच्या दहा महिन्यांचा आहे. दिव्यांच्या झोतावर मासा गोळा करून पकडायला केंद्र सरकारनं २०१७ साली बंदी घातली, तरी रात्री किनाऱ्यावरून क्षितिजावर ते पांढरे दिवे दिसतात. आत्याकडे येणारा बांगडा लहान होत चाललाय हे ती हातानंच सांगते. त्याची दर आठवड्याची मोजणी आमच्या खाडीत कुणी लिहून ठेवत असेल तर ती आत्यापर्यंत पोचत नाही. आणि मला हेही मनापासून वाटतं, की ल्युबेकनं मिठाची कोठारं जपली तशी आपण मासळी खारवायची जुनी आवारं, पिंपं, वजनकाटे जपायला हवे होते. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरावर मिठाचा सत्याग्रह झाला हे आपल्याला शाळेत शिकवतात. त्या मिठातून कुठला मासा, कुठल्या बायांच्या हातून, कुठल्या बाजाराला गेला, हे कोणी शिकवत नाही. किनाऱ्याचा इतिहास म्हणजे आपल्याकडे किल्ले. सुवर्णदुर्गावर मी शंभरदा बोलेन, पण समोरच्या वाळूत वाळणाऱ्या मासळीवरही तितकंच लिहिलं जायला हवं.

परतीच्या गाडीतून आत्याला व्हिडिओ कॉल लावला. पिंपाचं सांगितलं, खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवण्याचं सांगितलं. तिला ते पटलं. “चरबीचा मासा असला तर तसंच पाहिजे गो,” म्हणाली, “पेडव्याला पण उन्हात वास मारतो.” मग मी तिला सांगितलं की मार्चमध्ये श्ट्राल्झुंडला आणि तिथून ग्राइफ्सवाल्डच्या खाडीकाठी जायचं ठरवतेय, हेरिंग अंडी घालायला येतो तेव्हा लहान होड्या निघतात, त्या बघायच्या. ती जरा थांबली आणि म्हणाली, “जा. पण नुस्ता मासा बघून येऊ नको. तो साफ कोण करतं, बाया का बापये, आणि त्यांना दिवसाचं काय सुटतं, ते नीट विचारून ये.”